आईबाबांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताय? काय बघावं, काय विचारावं

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती ७८ वर्षांची होती. डावा हात आणि डावा पाय गेला. त्याबरोबर डावीकडे काही आहे याचं भानही गेलं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं बऱ्याचदा होतं. घरी आठ महिने केलं, मग रात्रीचं उचलणं-वळवणं आमच्या आवाक्याबाहेर गेलं आणि आम्ही तिला एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. जागा छान होती, हवेशीर आणि स्वच्छ. तिच्या पाण्याचा ग्लास रोज भरून, झाकण घालून ठेवलेला असायचा, पण पलंगाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर. तिला तो दिसतच नव्हता, आणि दिसला असता तरी हात पोचला नसता. चार्टवर मात्र ‘पाणी दिले’ असं रोज लिहिलेलं. तिसऱ्या आठवड्यात लघवीचं इन्फेक्शन झालं, ती अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागली आणि तिला हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “दिवसाला पाणी किती पितात?” मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर आम्ही सहा केंद्रं पाहिली. त्यातल्या एका ठिकाणी आई तीन वर्षं राहिली. पहिल्या वेळी जे कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी एका शब्दाबद्दल. नर्सिंग होम म्हटलं की मराठीत छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं, आणि वृद्धाश्रम म्हटलं की हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांची जागा. मी लिहितोय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल: ज्याला रोज नर्सिंगची गरज आहे, असा माणूस महिनोन्महिने राहतो ती जागा.

१. आधी आपल्या माणसाची गरज कागदावर उतरवा

आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. कॅट्झची यादी म्हणून ओळखली जाते ती या सहा गोष्टींची. प्रत्येकीपुढे लिहा: स्वतः करतात, मदत लागते, की पूर्ण दुसऱ्याने करावं लागतं. जास्त बारकाईने हवं असेल तर फिजिओथेरपिस्टकडून बार्थेल इंडेक्स भरून घ्या. त्यात १० बाबी असतात आणि ० ते १०० गुण. पुढे सहा महिन्यांनी तब्येत कुठे गेली हे त्याच आकड्याशी ताडून बघता येतं.

लिहिताना मोघम लिहू नका. ‘आई चालते’ याला अर्थ नाही. ‘दोघांनी धरलं तर पलंगापासून दारापर्यंत चालते, संध्याकाळी तेवढंही नाही’ याला आहे. गिळताना ठसका लागतो का, रात्री किती वेळा उठतात, कुठल्या कानाने ऐकू येतं, कोणता हात चालतो, कशाने चिडतात, कशाने शांत होतात, हे सगळं त्यात यावं.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात अडकलो होतो. प्रवेश नाकारतील या भीतीने आपण गरज कमी करून सांगतो. ‘तशी काही विशेष त्रास देत नाही हो’ असं मी म्हटलं होतं. मग त्यांनी मनुष्यबळही तेवढंच धरलं. ज्या जागेला खरी गरज झेपणार नाही, तिने पहिल्याच दिवशी नाही म्हटलेलं बरं.

सोबत लागणारे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- ओळखपत्र आणि विम्याचे कागद
- हॉस्पिटलचं शेवटचं डिस्चार्ज कार्ड, अलीकडचे रक्त-लघवीचे रिपोर्ट
- चालू औषधांची यादी: नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कधीपासून
- ॲलर्जी आणि पूर्वी ज्या औषधांनी त्रास झाला ती
- लसींची नोंद
- आजचं वजन (अंदाजे नको, काट्यावर)
- जिवावर बेतलं तर कुठवर उपचार हवेत याबद्दल त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं असेल तर ते
- निर्णय कोण घेणार, आणि तो मिळाला नाही तर कोण

भेटीला जाताना वही, घड्याळ आणि चपळ नजरेचं दुसरं माणूस. एकाने बोलायचं, दुसऱ्याने बघायचं.

२. कागदावरून यादी लहान करा

परवाना आहे का आणि तो चालू आहे का, हे आधी बघा. काही देशांत तपासणीचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन पाच प्रश्नांवर केंद्र तपासतं: सुरक्षित आहे का, उपयोगी पडते अशी सेवा आहे का, आपुलकी आहे का, माणसाच्या गरजेला प्रतिसाद मिळतो का, व्यवस्थापन नीट आहे का. अमेरिकेत २००८ पासून एक ते पाच तारे देण्याची सरकारी पद्धत आहे. मात्र त्या ताऱ्यांमागची काही माहिती केंद्रांनी स्वतःच भरलेली असते, म्हणून ताऱ्यांवर थांबू नका, अहवालाचा मजकूर वाचा. एखादी त्रुटी एकदा निघाली आणि सुधारली, तर मला त्याचं वावडं नाही. तीच त्रुटी लागोपाठच्या तपासण्यांत दिसली तर ते नाव यादीतून काढा.

अव्हेदिस डोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेची गुणवत्ता जोखण्याची एक चौकट मांडली. रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी तिची तीन अंगं. रचना म्हणजे इमारत, उपकरणं, माणसं. प्रक्रिया म्हणजे ती माणसं प्रत्यक्ष काय करतात. परिणाम म्हणजे राहणाऱ्याचं पुढे काय होतं. पहिल्या वेळी मी फक्त रचना बघून आलो होतो. पुढच्या पायऱ्या उरलेल्या दोन अंगांसाठी आहेत.

३. तीनदा जा, आणि निदान एकदा न सांगता

पहिली भेट ठरवून. त्यात ते दाखवतील ते बघा. दुसरी जेवणाच्या वेळी. तिसरी संध्याकाळी, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची घालमेल दिवस मावळताना वाढते आणि सुट्टीला कर्मचारी कमी असतात. हे दोन्ही एकत्र येतं तेव्हा केंद्राची खरी ताकद कळते. न सांगता गेल्यावर आत सोडलं नाही, तर कारण विचारा. कुणाची आंघोळ चालू आहे म्हणून थांबवणं रास्त आहे. ‘वेळ घेतल्याशिवाय भेट नाही’ असा कायमचा नियम असेल, तर नातेवाइकांनाही तोच लागू होणार का, हे तिथेच विचारून घ्या.

कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची मागून वीस मिनिटं बसा. फोटो काढू नका, ती इतरांची राहती जागा आहे.

वास घ्या. एका खोलीपाशी क्षणभर लघवीचा वास आला तर समजून घ्या, कुणाचं तरी नुकतंच झालं असेल. सगळ्या मजल्यावर तोच वास असेल, किंवा सुगंधी फवाऱ्याने डोकं भणभणत असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत असं धरून चला.

बेल वाजली की घड्याळ बघा. कोणी येऊन ‘पाच मिनिटांत येते हं’ सांगून गेलं आणि खरंच आलं, तर ठीक. बेल नुसती बंद करून माणूस निघून गेला, तर नोंद करा. बेलचं बटण पलंगावरच्या माणसाच्या हाताशी आहे की भिंतीला टांगलेलं आहे, तेही बघा.

हात बघा. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना धुतले का, की तेच हातमोजे घालून तीन पलंग झाले? हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज संपली, हा गैरसमज मी पुष्कळ ठिकाणी पाहिला.

राहणाऱ्यांकडे बघा. नखं कापलेली आहेत का, चष्म्याची काच पुसलेली आहे का, कानाचं यंत्र कानात आहे की ड्रॉवरमध्ये, कवळी तोंडात आहे की डबीत. या गोष्टींना पैसा लागत नाही, कुणाचं तरी लक्ष लागतं.

आणि कान द्या. ‘आजी, आता कुशीवर वळवते हं, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवा’ असं सांगून हात लावणारी मावशी आणि एक शब्द न बोलता चादर ओढणारी मावशी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुग्णाच्या डोक्यावरून दोघी एकमेकींशी गप्पा मारत काम उरकत असतील, तर तो दिवस वाईट असेल असं समजून सोडून देऊ नका, दुसऱ्या भेटीत पुन्हा बघा.

जेवणाची वेळ सगळ्यात बोलकी. भरवणारं माणूस शेजारी बसलंय की उभ्याने घास कोंबतंय? एकजण एका वेळी किती जणांना भरवतोय? गिळायला त्रास होणाऱ्याला ताठ बसवलंय का, आधीचा घास गिळला की नाही हे बघून पुढचा दिला जातोय का, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवतात का? आडव्या माणसाला भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. न खाल्लेलं ताट उचलताना कोणी ‘का नको?’ असं विचारतं का, यावरून मला एका केंद्राबद्दल जेवढं कळलं तेवढं त्यांच्या माहितीपुस्तिकेतून कळलं नाही.

४. प्रश्न असे विचारा की घडलेली गोष्ट सांगावी लागेल

‘तुमच्याकडे काळजी चांगली घेतात ना?’ याचं उत्तर सगळीकडे सारखंच येतं. त्याऐवजी हे विचारा:

“रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात, आणि राहणारे किती?” दिवसाची सरासरी नको, रात्रीचा आकडा मागा. प्रशिक्षित नर्स त्या वेळी इमारतीत असते की फोनवर, हे वेगळं विचारा.

“गेल्या वर्षभरात किती जण नोकरी सोडून गेले? हेड सिस्टर किती वर्षं आहेत?” माणसं सारखी बदलत असतील तर कुणाला कोणत्या बाजूला पाणी ठेवायचं, हे कोण लक्षात ठेवणार? शक्यतो त्याच मावशी त्याच रुग्णांकडे देतात का, तेही विचारा.

“इथे शेवटचं कोण पडलं? मग तुम्ही काय केलं?” नाव सांगू नका म्हणावं, घटना सांगा. ‘रात्री बाथरूमला जाताना पडले, डोकं तपासलं, घरी कळवलं, औषधांची यादी डॉक्टरांकडून पुन्हा बघून घेतली, पलंग खाली घेतला, झोपताना एकदा बाथरूमला न्यायला सुरुवात केली’ असं उत्तर मिळालं तर मला दिलासा वाटतो. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ हे सगळ्यात काळजीचं उत्तर. एक तर नोंद होत नाही, नाही तर कोणाला उठूच देत नाहीत.

“अचानक भ्रम झाला, ताप आला, खाणं थांबलं, तर किती वेळात डॉक्टर बघतात आणि आम्हाला कोण फोन करतं?” एरवी बरं बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत बरळायला लागला, तर ते वयामुळे असं म्हणून सोडायचं नसतं. इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन औषध, अशी कारणं शोधायची असतात. केंद्रातल्या माणसांना हे माहीत आहे का, ते या एका प्रश्नात कळतं.

५. चार गोष्टींचा हिशेब मागा: त्वचा, वजन, बांधणं, औषधं

या पायरीवर वेळ घालवा. इथे गोड बोलणं चालत नाही, कारण निष्काळजीपणा शरीरावर उमटतो.

त्वचा. एकाच जागी दाब राहिला की रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोर होतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे या नेहमीच्या जागा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, काहींना त्याहून लवकर. एअर बेड आहे म्हणून वळवणं बंद करता येत नाही. धोका किती आहे हे मोजण्यासाठी ब्रेडन स्केल वापरतात: गुण ६ ते २३, कमी गुण म्हणजे धोका जास्त, आणि १८ किंवा खाली आले की सावध व्हायचं. ‘तुम्ही ब्रेडन किंवा तसं काही मोजता का, किती दिवसांनी?’ असा सरळ प्रश्न टाका. सध्या किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले, हेही विचारा. हे दोन आकडे वेगळे आहेत.

आईच्या उजव्या टाचेवरची जखम मला सापडली ती पायमोजा काढला तेव्हा. आदल्या शुक्रवारी मीच घातलेला निळा मोजा बुधवारी तसाच होता. तो टाचेला चिकटला होता. पाच दिवसांच्या चार्टवर ‘स्पंज केले, त्वचा ठीक’ असं दोन वेगवेगळ्या सह्यांनी लिहिलं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: भेटीला गेलो की पायमोजे काढायचे, दोन्ही टाचा बघायच्या, मग बोलत बसायचं. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचला. लाली क्षणभर जाऊन परत आली तर ठीक, दाबूनही तशीच राहिली तर ती सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जांभळट झाक, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा, हात लावताच कळवळणं, हे शोधा.

वजन. दर महिन्याला काट्यावर घेतात का आणि आकडे दाखवतात का? प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ते गंभीर मानतात. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो गेलं तर आहार, दात, गिळणं, मन, औषधं सगळं तपासायला हवं.

बांधणं. हात बांधणं सगळ्यांना खटकतं. पण पलंगाचे उभे कठडे, मागे कलवलेली खुर्ची, पोटावर अडकवलेला ट्रे, हेही माणसाला उठू न देण्याचेच प्रकार असू शकतात. कठड्यावरून चढून जाणारा माणूस जास्त उंचीवरून पडतो, फटीत अडकतोही. त्याऐवजी काय करता, हे विचारा. कॅथेटरचंही, म्हणजे लघवीच्या नळीचंही, तसंच. तो का घातलाय आणि कधी काढणार, हे लिहिलेलं असायला हवं. केवळ चादर कोरडी राहावी म्हणून तो ठेवू नये, कारण जितके दिवस राहील तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो.

औषधं. दिवाणखान्यात सकाळी अकरा वाजता सगळेच मान टाकून पेंगत असतील, तर ती शांतता तपासून बघा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत अँटिसायकोटिक औषधांनी (भास, आक्रमकपणा आवरण्यासाठी देतात ती) मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये काही औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवरही छापायला लावला. कधी कधी ती द्यावी लागतात, हे खरं. पण कारण काय, किती दिवस, कमी कधी करणार आणि घरच्यांची संमती घेतली का, या चारही प्रश्नांना उत्तर हवं. सगळ्या औषधांचा एकत्रित आढावा कोण आणि कधी घेतं, हे लिहून घ्या.

बोलू न शकणाऱ्याचं दुखणं कसं ओळखता, हा प्रश्नही जोडा. चेहरा, श्वास, कण्हणं, शरीराचा ताठरपणा, समजावल्यावर शांत होणं यांवरून गुण देण्याच्या पद्धती आहेत. ज्या सिस्टरने हे मला न चाचरता सांगितलं, तिच्याच केंद्रात आई पुढे राहिली.

६. करार घरी नेऊन वाचा

तिथल्या तिथे सही करू नका. मासिक रकमेत काय येतं आणि काय वेगळं लागतं (डायपर, फिजिओ, ड्रेसिंग, हॉस्पिटलात सोबत), दर कधी वाढतो, गरज वाढली तर काय, हॉस्पिटलात असताना पलंग किती दिवस राखतात, केंद्र कोणत्या कारणाने ‘घेऊन जा’ म्हणू शकतं, अनामत किती दिवसांत परत मिळते. तोंडी दिलेला प्रत्येक शब्द करारात लिहून मागा. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवड्यांचं तात्पुरतं राहणं घ्या.

७. पहिला महिना

प्रवेशाच्या दिवशी सिस्टरसमोर डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचा तपासा आणि त्यांच्या परवानगीने आपल्या माणसाच्या जुन्या जखमांचे तारखेसह फोटो काढा. वजन तिथल्या काट्यावर घ्या. पहिल्या पायरीतल्या टिपणाचं एक पान मोठ्या अक्षरात पलंगापाशी लावायला सांगा. तब्येतीचा तपशील फाइलमध्येच राहू दे, पानावर फक्त रोज उपयोगी पडणारं. आईच्या पानावर पहिली ओळ होती: ‘पाणी, बेल, चष्मा — उजव्या हाताला.’

काळजीची योजना लेखी तयार होते, तिची बैठक मागा आणि हजर राहा. पहिले पंधरा दिवस नवीन माणूस रडतो, घरी न्या म्हणतो, कमी जेवतो. तेवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. पण विशिष्ट व्यक्ती आली की अंग चोरणं, न सांगता येणारे वळ, पैसे किंवा वस्तू गायब होणं, यावर एक दिवसही थांबू नका.

८. पारख चालूच ठेवा

वेळ बदलून भेटा. वहीत तारीख, वेळ, काय पाहिलं, कोणाशी बोललो एवढं लिहा. मावश्यांची नावं लक्षात ठेवा, चांगलं केलं तर हेड सिस्टरसमोर सांगा. पाणी कमी पितात ही गोष्ट मला दुसऱ्या केंद्रात रात्रपाळीच्या मावशीने आपणहून सांगितली, कारण आमची रोजची बोलचाल होती.

तक्रार करताना ‘तुमचं लक्ष नसतं’ असं म्हणून काही हाती लागत नाही. ‘मंगळवारी चार वाजता डायपर भिजलेला होता, सव्वापाचपर्यंत कोणी आलं नाही, उद्यापासून दुपारची पाळी कोण बघणार?’ असं लेखी द्या आणि उत्तराची तारीख घ्या. दोनदा तेच घडलं तर व्यवस्थापकाकडे, तिथेही नाही तर परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे. आईवर राग निघेल या भीतीने मी पहिल्या वेळी गप्प बसलो होतो. त्या गप्प बसण्याचा फायदा तिला झाला नाही.

केंद्र बदलायचं ठरलं तर आधी नवीन पलंग पक्का करा, मग नोटीस द्या. निघताना औषधांचा चार्ट, वजनाच्या नोंदी आणि जखमेच्या नोंदी यांच्या प्रती मागून घ्या. चालू औषधं निदान तीन दिवसांची सोबत ठेवा. सकाळीच हलवा, म्हणजे नव्या जागी दिवसपाळीची माणसं हाताशी असतात. आणि निघण्यापूर्वी एकदा, पोचल्यावर एकदा, दोन्ही ठिकाणच्या सिस्टरसमोर पायमोजे काढून टाचा बघा.